रकाना क्रमांक सात

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मला पगारच त्याचा आहे.

नाकोंदेचा नाका, झांबियाची बाजू,
पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल :
लहान व्यापाऱ्यांचे अर्ज भरून देणारा सिलाव्वे, तो मी.
समोर फाटक. पलीकडे टुंडुमा, टांझानिया,
आणि तांबं लादलेल्या ट्रकांची शेपटी
इतकी लांब, की चाकांच्या आडोशाला
ड्रायव्हरांनी चुली मांडल्यात.

नामफुक्वे आज तीन पोती तांदूळ घेऊन आली.
क्येलाचा तांदूळ.
पोतं उघडलं नव्हतं, तरी कळत होतं.
रकाना सात : मालाचं मूळ.
"लिही," ती म्हणाली, "नणंदेचं शेत."
नणंद कुठे? पलीकडे.
बियाणं? ते माझ्या बापाचं, अलीकडचं.
खत बंदरावरून निघालं, ह्याच फाटकातून आत आलं
आणि रात्री सायकलवरून परत गेलं.
पोती मी शिवली. सुतळी चिनी.
"आता काय लिहायचं ते लिही."

मी समजावतो, मागच्या महिन्यात समजावलं तसंच :
बाई, हा सोपा फॉर्म कोमेसाचा,
आणि पलीकडचा देश कोमेसाच्या पंगतीतून उठून गेला
तेव्हा मी शाळेत होतो.
सादेकमध्ये ते आहेत, आपणही आहोत,
तिथला दाखला मिळतो,
पण म्बेयाला, आणि साहेब जागेवर असला तर.
आपलं पान दोन्हीकडे मांडलेलं आहे, बघ.
"दोन घरचा पाहुणा," ती म्हणते
आणि पुढचा शब्द गिळते,
कारण सकाळपासून तिनं खरंच काही खाल्लेलं नाही.

तेवढ्यात नैरोबीचा साबण आला, सीलबंद,
मधला अख्खा टांझानिया न थांबता ओलांडून.
तेल मलेशियाचं, सोडा आणखी कुठला,
पण शिजला आपल्या गोतात, वड्या पाडल्या, कागद चढवला,
शंभरातली पस्तीस किंमत घरची :
काठावर पास.
शिक्का. गेला.
नामफुक्वे ट्रककडे बघत राहिली.
नणंदेच्या खाचरातून आली की पाय ती ह्याच साबणानं धुते.

मला वाटायचं, धोरण लुसाकात बनतं.
एकदा प्रशिक्षणाला बोलावलं होतं तिथे :
थंडगार दालन, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली,
उपसचिव नालिशेबो बाई.
मी उभा राहून विचारलं,
तांदळावरचा कर आपणच का काढून टाकत नाही?
त्यांनी चष्मा पुसला.
एकाला दिलं की यादीतल्या सगळ्यांना द्यावं लागतं.
काढला, तर चामाचे भातवाले दारात.
वाढवला, तर गॅबोरोनहून पत्र.
"अक्षरं आम्ही काढतो, सिलाव्वे,
वही आखलेलीच येते."
मग बाटलीचं झाकण फिरवत, जरा हळू :
"आखताना मीही होते म्हणा.
पहाटे अडीचपर्यंत. साखरेची ओळ माझी आहे."
हे सांगताना त्यांचा आवाज
माझ्या आईसारखा झाला,
कुणाचं लग्न आपण जमवलं ते सांगतानाचा.

नामफुक्वेनं दोन पोत्यांचा कर भरला.
नोटा मोजून घेतल्या, चुरगळलेली एक बदलून मागितली.
तिसऱ्याचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
शेडमागच्या पायवाटेवर
सायकलची घंटी दोनदा वाजली.
रकाना सातमध्ये लिहिलं : टांझानिया.
अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

रात्री बायकोनं पातेल्यावरचं झाकण काढलं,
वाफेत तोंड घालून थांबली.
"क्येलाचा ना? कुठून आणलास?"

दुकानातून, मी म्हणालो.